पावाखालचा तुकडा

बेघरांच्या त्या निवाऱ्यात स्वयंपाकाला हातभार लावायला येणाऱ्या माणसांना कुणी नावानं ओळखत नसे. तसा काही नियम नव्हता. पण आठवड्याच्या सात दिवसांना सात वेगळी माणसं यायची, आज दिसलेलं माणूस पुन्हा आठवड्यानं दिसायचं, तोवर त्याचं नाव कोण लक्षात ठेवणार? त्यापेक्षा वार सोपा. त्यामुळे तिथं एक सोमवारबाई होत्या, एक बुधवारबाई होत्या, शनिवार म्हणून एक टक्कल पडलेले गृहस्थ होते, आणि ही गोष्ट ज्यांची आहे त्या गुरुवारबाई होत्या. या वारांची एकमेकांशी गाठ पडत नसे. कॅलेंडरात सोमवार कधी गुरुवारला भेटत नाही, तसंच.

गुरुवारबाईंनी एकतीस वर्षं वजनंमापं तपासणाऱ्या सरकारी कचेरीत काढली होती. कुठल्या दुकानाचा तराजू किती ग्रॅमनं खोटं बोलतो हे त्यांना नुसतं बघून कळायचं. अशा बाईला बाजारात कुणी हसून नमस्कार करत नाही आणि कुणी घरी जेवायलाही बोलावत नाही. त्यांना त्याचं काही वाटत नसे. निवाऱ्यात पहिल्याच दिवशी त्यांनी वाढायचे दोन डाव घेतले, दोन्ही पाण्यानं भरून एका पेल्यात ओतून बघितले आणि आचाऱ्याला सांगितलं, "हा डाव त्याच्यापेक्षा दोन घोट कमी घेतो. डावीकडच्या रांगेवर रोज अन्याय होतोय."

आचारी पूर्वी बावीस वर्षं मालवाहू जहाजावर होता, म्हणून त्याला सगळे कप्तान म्हणत. प्रत्यक्षात कप्तानानं त्याला आयुष्यात दोनदाच जवळ बोलावलं होतं, आणि दोन्ही वेळा शिव्या द्यायला. पण नाव चिकटलं ते चिकटलं. स्वयंपाकघरात रोज असणारा तो एकटाच. त्यानं पेल्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, एका बटाट्यावरून सुरे निघालेले पाहिलेत मी. तुम्ही उशिरा आलात, पण बऱ्या आलात." आणि पुडिंग कापायचं काम त्यानं कायमचं त्यांच्या गळ्यात घातलं.

पुडिंग म्हणजे काही चैन नव्हती. कोपऱ्यावरच्या बेकरीतून आदल्या दिवशीचा न खपलेला पाव पोत्यानं यायचा. निम्मा सुपाबरोबर वाढायचा, आणि निम्मा कुस्करून दूध, अंडी, साखर घालून दोन मोठ्या ट्रेमध्ये भट्टीत भाजायचा. खाटा शहाण्णव, म्हणून एका ट्रेचे अठ्ठेचाळीस तुकडे. बाकीचे वार ते अंदाजानं कापत. गुरुवारबाई घरून स्टीलची पट्टी घेऊन येत. कप्तानचा कायदा साधा होता: एक डाव सूप, दोन स्लाइस पाव, एक तुकडा गोड, आणि शेवटच्या माणसाला वाढून होईपर्यंत कुणालाही दुसरं काही नाही. "इथं भांडणं भुकेनं होत नाहीत," तो म्हणायचा, "शेजाऱ्याच्या ताटात जास्त दिसलं की होतात."

आता अशा नाकासमोर चालणाऱ्या बाईंनी हा कायदा मोडला, आणि तो आठ महिने दर गुरुवारी मोडत राहिल्या. तो का मोडला हे सांगायचं तर त्यांच्या नवऱ्यापासून सांगायला हवं.

नवऱ्याला मधुमेह होता. रोग कळल्या दिवसापासून पुढची अकरा वर्षं बाईंनी त्याचा प्रत्येक घास तोलला. अगदी शब्दशः तोलला. ओट्यावर काटा होता. भात इतके ग्रॅम, बटाटा इतका, फळाची फोड एवढी. त्याचे पाय त्या रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांतून बघत, कुठं लाल दिसलं की लगेच मलम. नवरा हसून म्हणायचा, "तुझ्या कचेरीच्या तावडीतून सगळे दुकानदार सुटले, मी एकटा सापडलो." माणूस गोडघाशा होता. समारंभाला गेलं की मिठाईच्या टेबलाकडे पाठ करून बसायचा, बाईंना त्रास नको म्हणून.

शेवटी तो इस्पितळात होता, चौथ्या दिवशी. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कुणीतरी आईस्क्रीम आणलं होतं. नवरा म्हणाला, "एक चमचा दे ना. चव विसरलोय गं." बाई म्हणाल्या, "उद्या रिपोर्ट येऊ दे, मग बघू." तो बरं म्हणाला. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आला आणि चांगला आला. नवरा पहाटेच हृदय बंद पडून गेला होता.

ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. लेकीलाही नाही. लेक भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "आईनं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं म्हणून बाबा इतकी वर्षं राहिले," आणि बाई स्वयंपाकघरात निघून जायच्या. लेकीला वाटायचं, आईला कौतुक सहन होत नाही. घरातला काटा त्यांनी माळ्यावर टाकला आणि महिन्याभरानं निवाऱ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

पेंटर त्यांना तिथंच भेटले. सत्तरीचे, किडकिडीत, केस पाण्यानं चापून बसवलेले. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. छापील पाट्या आल्या, काम गेलं. बायको गेली, खोली गेली. निवाऱ्यात त्यांनी आल्या आल्या सगळ्या भिंती लिहून काढल्या होत्या. 'रांगेत उभे राहा', 'ताट धुऊन ठेवा', अशी साधीच वाक्यं, पण अक्षर असं देखणं की माणूस वाचता वाचता आपसूक रांगेत उभा राहायचा. रोज सकाळी जेवणघरातल्या फळ्यावर त्या दिवशीचं जेवण लिहायचं कामही त्यांचंच.

एका गुरुवारी ते वाढपाच्या खिडकीशी सगळ्यांत शेवटी आले. बोटांना रंग होता. बाईंनी त्यांना त्यांचा तुकडा वाढला आणि पाहिलं तर ट्रेच्या कडेला करपलेल्या साखरेची एक तांबूस पट्टी चिकटून राहिली होती. शेवटचा माणूस होता, कायद्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी ती उलथन्यानं खरवडून पेंटरांच्या ताटात टाकली.

पेंटरांनी ताटाकडे नाही, बाईंकडे पाहिलं. "माझ्यासाठी?"

"दुसरं कोण आहे इथं?" बाई म्हणाल्या.

त्यांनी ती पट्टी तिथंच उभ्यानं, डोळे मिटून, अगदी हळू खाल्ली. चेहरा असा उजळला की बाईंना हातातलं उलथनं खाली ठेवावं लागलं. त्या घरी गेल्या, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना दुपारी गाढ झोप लागली.

पुढच्या गुरुवारपासून सुरू झालं ते. बाई ट्रे कापण्याआधी एका बाजूनं बोटभर पट्टी उतरवून ठेवायच्या आणि उरलेल्याचे मोजून अठ्ठेचाळीस समान तुकडे करायच्या. प्रत्येकाच्या वाट्यातून केसभर गेलं. एकतीस वर्षं ज्या हातचलाखीबद्दल त्यांनी दुकानदारांवर खटले भरले तीच ही, आणि त्यांना हे चांगलं ठाऊक होतं. पट्टी दुमडली की चांगला जाड तुकडा व्हायचा. तो त्या पेंटरांच्या ताटात पावाच्या स्लाइसखाली सरकवायच्या, वरून सूप वाढता वाढता.

"कुणाला बोलायचं नाही हं," त्या ओठ न हलवता म्हणायच्या.

"छे, छे," पेंटर म्हणायचे.

कप्तान भट्टीशी, खिडकीकडे पाठ करून उभा असायचा. त्याला काही दिसलं नाही.

महिने गेले. गुरुवारसाठी बाई आठवडा रेटायला लागल्या. लेक फोनवर म्हणाली, "आई, आवाज बरा वाटतोय तुझा." बरा होताच. आठवड्यातून एकदा कुणीतरी त्यांच्या हातचं गोड डोळे मिटून खात होतं, आणि त्यांना कुणी रिपोर्ट विचारत नव्हतं.

आणि मग बाईंना दिसायला लागलं. खरं म्हणजे सगळ्यांत आधी त्यांनाच दिसायला हवं होतं, आणि दिसलंही. पेंटर जेवताना पाण्याचे चार-चार पेले रिचवायला लागले. जेवणाच्या मध्येच उठून दोनदा संडासाकडे जायला लागले. फळ्यावरचं अक्षर आधी मोठं झालं, मग ओळ उजवीकडे उतरायला लागली. बुटाची नाडी त्यांनी बांधायची सोडली. पाय जरा सुजतात म्हणाले. अकरा वर्षं जिनं हेच केलं त्या बाईला आणखी काय सांगायला हवं? पण माणसाला जे बघायचं नसतं त्यासाठी त्याच्याकडे कारणांचा तोटा नसतो. उन्हाळा आहे, तहान लागणारच. वय झालं, नजर जाणारच. उभ्यानं काम करणाऱ्यांचे पाय सुजतातच. निवाऱ्यात नाव घालताना 'आजार' या रकान्यात पेंटरांनी 'काही नाही' सांगितलंय, असं कप्तान कधीतरी म्हणाला होता. ते एक वाक्य बाईंनी घट्ट धरून ठेवलं. उन्हाळा गेला, थंडी आली, तहान गेली नाही. बाईंनी कानाडोळा केला. आपण तो करतोय हेही त्यांना कळत होतं, म्हणून हे जास्त वाईट.

थंडीतल्या एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्या कोठारात बटाटे आणायला गेल्या, तर पेंटर पोत्यावर बसून मोजा काढायचा प्रयत्न करत होते. मोजा निघत नव्हता. वास बाईंना दारातच आला.

त्यांनी बटाट्यांची टोपली खाली ठेवली, कोमट पाणी आणलं, गुडघ्यांवर बसून मोजा भिजवला आणि सोडवला. अंगठ्याखाली तळव्याला रुपयाएवढी जखम होती, कडा काळ्या.

"दुखतं?"

"अजिबात नाही," पेंटर उत्साहानं म्हणाले. "म्हणून तर कळलं नाही."

"दुखत नाही हेच वाईट आहे," बाई म्हणाल्या. "किती वर्षं आहे तुम्हाला? साखर?"

पेंटरांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "गुरुवारबाई, कुठं बोलू नका. उघडी जखम दिसली की इस्पितळात पाठवतात, आणि पाठवलं की खाट जाते. दोनशे माणसं बसलीत खाटेसाठी. परत आलो तर रांगेच्या शेपटाला उभा राहणार मी, या थंडीत. एक आठवडा द्या. जरा सुकू दे."

बाईंच्या पर्समध्ये अजूनही मलम आणि पट्टी असायची, सवय. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली. हात पटापट चालत होते, जणू हा पाय मधल्या काळात कुठं गेलाच नव्हता. त्या म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारपर्यंत. त्या दिवशी सुकली नसली तर मी स्वतः कप्तानला सांगणार."

पेंटरांनी हात जोडले. बाईंनी त्यांची दया आली म्हणून मान्य केलं, असं म्हणता येईल, आणि त्यात खोटं काही नाही. पण तेवढंच कारण नव्हतं. कप्तानला सांगितलं असतं तर डॉक्टर आले असते, आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला असता: हा माणूस खातो काय? त्या प्रश्नाला बाई घाबरल्या. स्वतःसाठी घाबरल्या.

साडेबाराला खिडकी उघडली. त्या दिवशी बाईंनी ट्रेची पट्टी उतरवली नव्हती. पेंटर लंगडत आले. बाईंनी सूप वाढलं, पाव ठेवला, एक तुकडाही अर्धाच वाढला. पेंटरांनी सवयीनं पावाचं टोक उचललं, खाली बघितलं, आणि मान वर करून बाईंकडे बघितलं.

"रागावलात का?" ते म्हणाले.

आवाज इतका पडलेला होता की बाईंना तो खिडकीबाहेरच्या माणसाचा वाटलाच नाही. इस्पितळातली ती दुपार उभीच राहिली त्यांच्यासमोर. आता पुन्हा नाही म्हणायचं? त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी एक आख्खा तुकडा उचलला आणि पावाखाली सरकवला. "खा," त्या म्हणाल्या, "आजच्या दिवस." पेंटर हसले, आणि ताट घेऊन गेले.

पुढच्या गुरुवारी बाई जास्तीचं मलम घेऊन आल्या. जेवणघरातला फळा कोरा होता.

"पेंटरला शनिवारी नेलं," कप्तान कांदे चिरता चिरता म्हणाला. "ताप चढला, बरळायला लागला. बूट काढला तर... असो. सोमवारी गुडघ्याखाली कापला पाय." त्यानं सुरी थांबवली. "डॉक्टर माझ्यावर उखडला. म्हणे मधुमेह जुनाट आहे, साखर पाचशेच्या वर गेलेली, तुम्ही खायला काय घालता त्याला? मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे एवढासा तुकडा मिळतो, आमच्या एक बाई तर पट्टी लावून कापतात. मला सांगा, एवढ्याशानं पाचशे होते?"

बाई तेव्हाच बोलायला हव्या होत्या. तोंड उघडलंही त्यांनी. पण कप्तान त्यांच्याकडे पूर्ण विश्वासानं बघत होता. त्या म्हणाल्या, "ट्रे गार झालाय का?" आणि स्टीलची पट्टी हातात घेतली. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे तुकडे वाकडे आले.

तीन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. मन खात होतं, आणि ते एका बाजूनं नाही, दोन बाजूंनी. एकाला एक चमचा दिला नाही म्हणून, आणि दुसऱ्याला देत सुटल्या म्हणून. रविवारी चार वाजता, भेटायच्या वेळेला, त्या इस्पितळात गेल्या. नवरा गेला ते हे इस्पितळ नव्हतं, पण वास तोच होता. काय बोलायचं ते त्यांनी बसमध्ये पाठ केलं होतं. क्षमा मागायची, काही लपवायचं नाही, आणि मग कप्तानला जाऊन सगळं सांगायचं.

वॉर्डाच्या दाराशी सिस्टर वही घेऊन बसली होती. "कोण तुम्ही त्यांच्या?"

बाई अडखळल्या. "निवाऱ्यातून आले. स्वयंपाकघरातून."

"तुम्हीपण का?" सिस्टर म्हणाली. "जा. खिडकीजवळची खाट. फार बोलायला लावू नका, थकलेत."

पेंटर उशीला टेकून बसले होते. पांघरूण एका बाजूला जिथं उंच हवं तिथं सपाट होतं. बाईंनी तिकडे बघायचं नाही ठरवलं होतं आणि पहिल्यांदा तिकडेच बघितलं. त्या स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि पाठ केलेलं सगळं विसरल्या.

"माझ्यामुळे झालं हे," त्या म्हणाल्या. "मला सगळं समजत होतं. माझ्या नवऱ्याला होता हाच आजार, मला लक्षणं तोंडपाठ होती, आणि तरी मी तुम्हाला तो तुकडा..." पुढचं रडण्यात गेलं.

पेंटरांनी त्यांना थोडा वेळ रडू दिलं. मग जरा संकोचून म्हणाले, "गुरुवारबाई, तुम्ही चौथ्या."

"काय?"

"सोमवारबाई परवा येऊन गेल्या. तुम्ही बसलात तिथंच बसून रडल्या. त्या मला रुमालात बांधून साखरेची बिस्किटं द्यायच्या. काल शनिवारसाहेब आले, ते चहात डब्यातलं गोड दूध घालायचे, पेलाभर. बुधवारबाईंनी चिठ्ठी पाठवलीय, चार पानांची. नजर नीट नाही, वाचून व्हायचीय. त्या मुरंबा द्यायच्या." ते खोकले. "सगळ्यांनी सांगितलं होतं, कुणाला बोलायचं नाही. मी नाही बोललो."

बाईंचं रडणंसुद्धा थांबलं. आठ महिने त्यांना वाटत होतं की जगात एकच खिडकी आहे आणि एकच तुकडा. आपला गुन्हा तरी आपल्या एकटीचा होता, तोही आता चौघांत वाटला गेला, आणि त्यामुळे हलका मात्र झाला नाही.

"पण तुम्हाला माहीत होतं ना? आजार?"

"चौदा वर्षं."

"मग का खाल्लंत? नको म्हणायचं होतं!"

"कुणाला?" पेंटर म्हणाले. त्यात चीड नव्हती. खरोखरच विचारत होते. "तुम्हाला म्हणायचं होतं? तुम्ही खिडकीतून असं बघायच्या... शहाण्णव माणसांत तुम्ही मला निवडलं होतं, बाई. नको म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्या कुणाला दिला असता. मग मी आपला पंचाण्णवांतला एक." ते छताकडे बघत राहिले. "तुमचं आठवड्यातून एकदा. पण सगळे मिळून दिवसाआडचं झालं. तेवढं गणित चुकलं माझं."

बाजूच्या खाटेवरचा माणूस झोपेत कण्हला. बाईंनी नाक पुसलं. मग त्यांनी आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट पेंटरांना सांगितली: शेजारच्या खाटेवरचं आईस्क्रीम, एक चमचा, आणि अकरा वाजता आलेला चांगला रिपोर्ट. सांगताना त्या एकदाही थांबल्या नाहीत.

पेंटरांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तो तुकडा त्यांचा होता," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटायचंच, हा माझा नाही म्हणून. सोमवारबाईंचाही त्यांच्या मुलाचा होता. हरवलाय तो. शनिवारसाहेबांचं काही सांगितलं नाही त्यांनी, पण असणार कुणीतरी." त्यांनी बाईंकडे मान वळवली. "वाईट वाटून घेऊ नका. बरं वाटायचं तुम्हा सगळ्यांना, मला दिसायचं ते. मी डोळे मिटून खायचो ना, ते एवढ्यासाठी, की..." ते घुटमळले. "आता सांगायला हरकत नाही. मला गोड आवडत नाही हो. कधीच आवडलं नाही. लहानपणापासून घशाखाली उतरत नाही."

बाईंना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. आठ महिने, दर गुरुवारी, तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा त्या घरी घेऊन गेल्या होत्या. तो चेहरा आठवून झोपल्या होत्या. आणि तो माणूस औषध घ्यावं तसं त्यांचं प्रेम गिळत होता, त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांनी त्याच्या ताटात काय काय ठेवलं, लपवलं, वरून झाकलं; पण एकदाही त्याला विचारलं नव्हतं. नवऱ्याला काय हवं होतं ते ठाऊक असून दिलं नाही. या माणसाला काय हवं ते ठाऊकच करून घेतलं नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की उठून जावंसं वाटलं, पण पाय निघेना.

"मग तुम्हाला आवडतं काय?" त्यांनी विचारलं.

पेंटर काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. भुवया आक्रसल्या. "मला?"

"हो. खायला. काय आवडतं?"

"बघा, कोड्यात टाकलंत." ते थोडं हसले. "निवाऱ्यात वय विचारतात, आजार विचारतात, नातेवाईक विचारतात. हे कुठं विचारत नाहीत. बारा वर्षं झाली, ताटात येईल ते खायचं, ताट धुऊन ठेवायचं." त्यांनी पांघरुणाची कड बोटांत धरली. "पूर्वी होतं एक. खोली होती तेव्हा. बायको करायची, सुट्टीच्या दिवशी. मी पाट्या रंगवून यायचो आणि जिन्यातच वास यायचा... तिखट होतं ते. की आंबट? काहीतरी वरून चुरचुरीत असायचं." त्यांनी डोळे मिटले. "थांबा. आठवतो."

"सावकाश," बाई म्हणाल्या. "मी करून आणीन."

त्या थांबल्या. खिडकीबाहेरचं ऊन खाटेच्या कडेपर्यंत सरकलं. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. बाकीच्या खाटांजवळची माणसं उठली, डबे-पिशव्या गोळा करून, पुन्हा येतो म्हणत बाहेर पडली. पेंटरांचे ओठ मधून मधून हलत होते. सिस्टर आली आणि बाईंच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "चला आता, आजी."

पेंटरांनी डोळे न उघडताच हात वर केला. "एक मिनिट, सिस्टर," ते म्हणाले. "यांनी मला काहीतरी विचारलंय."

सिस्टर थांबली. बाईही बसून राहिल्या. पेंटरांना काही आठवलं नाही.